व्याह्यांचा राउंड

मी बिअर पीत नाही. पण इंग्रज लोकांची बिअर आणि अमेरिकन लोकांची बिअर यांत फरक काय, हे मला कुणी विचारलं तर तासभर बोलेन. कारण त्या फरकापायी माझ्या एकुलत्या एका मुलीचं लग्न लीड्सच्या कुठल्याशा कचेरीत सह्या करून उरकलं जाणार होतं. आणि याला कारण माझा नवरा सतीश. म्हणजे थोडी मीही आहे, पण आधी तो.

आमची अंतरा मस्कतला वाढली, लीड्सला शिकायला गेली, तिथेच नोकरीला लागली आणि तिथल्याच डॅनियलशी तिचं जमलं. मुलगा चांगला आहे, आमटी-भात हाताने कालवून खातो, मला आणखी काय हवं! त्याचे वडील ब्रायन यॉर्कशरचे, पक्के इंग्रज. आई कॅरल अमेरिकेतल्या ओरेगॉनची. लग्नाला तीसेक वर्षं होऊन गेली तरी दोघांचं बिअरवरून रोज वाजतं, असं अंतराने सांगितलं होतं. दोघं मोठ्या मुलीकडे ऑस्ट्रेलियाला निघाले होते आणि वाटेत चार दिवस आमच्याकडे उतरणार होते. व्याही-विहीण पहिल्यांदा घरी येणार! मी पडदे धुतले, सोफ्याची कव्हरं बदलली, बेसनाचे लाडू केले.

ते यायच्या आदल्या दिवशी अंतराचा फोन.

"आई, नीट ऐक हं. तुला डिसेंबरमध्ये मस्कतला, दारसैतच्या देवळात लग्न हवंय ना? मंगलाष्टका, पंगत, सगळं? डॅनला चालेल. पण त्याचे बाबा एखाद्या घरी अवघडले ना, की परत त्या घरी जात नाहीत. सख्ख्या भावाकडे जायचे बंद झालेत ते. आणि बाबा येणार नसतील तर डॅन म्हणतो, मोठं लग्नच नको. इथेच सह्या करून मोकळे होऊ. प्लीज, त्यांना कम्फर्टेबल वाटू दे."

"आता पाहुणचार तू शिकव मला!" मी म्हटलं. "पंचवीस वर्षं या मस्कतमध्ये आलेल्या-गेलेल्याला जेवू घालतेय मी. कोण उपाशी गेलंय?"

तिथेच माशी शिंकली.

आले एकदाचे. ब्रायन उंच, गोरे, टक्कल, बोलणं कमी. आले तेच खिशात विमानतळावर बदलून घेतलेल्या रियालच्या करकरीत नोटा घालून. कॅरल ठेंगणी, मोठ्याने हसणारी, आल्या आल्या मला मिठी मारणारी. हातपाय धुऊन झाल्यावर ब्रायननी बॅग उघडली आणि लोकरीच्या मोज्यांच्या जोड्या काढून टेबलावर ठेवायला लागले. मला वाटलं, एप्रिलात मस्कतला लोकरीचे मोजे कशाला? तर प्रत्येक मोज्यात एकेक बाटली! त्यांच्या गावाजवळच्या छोट्याशा कारखान्यातली बिअर, तांबूस रंगाची. कॅरलने लगेच तिचे डबे काढले. तिच्या भावाचा ओरेगॉनला बिअरचा कारखाना आहे. डब्यावर चष्मा लावलेला ऑक्टोपस, जांभळा आणि पोपटी.

"फ्रीजमध्ये ठेवते," म्हणून मी बाटल्या उचलल्या, तर ब्रायननी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांचं नातवंड फ्रीजमध्ये ठेवायला निघालेय.

"तळघराच्या थंडाव्यात ठेवायची असते," ते म्हणाले. "गार हवी. बर्फ नको."

आता अल खुवेरला तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटला तळघर कुठून आणू? पण सतीश एसीचा इंजिनिअर. एखादी गोष्ट किती गार हवी असं कुणी विचारलं की त्याच्या अंगात संचारतं. त्याने थर्मामीटर काढला, पाहुण्यांच्या खोलीचा एसी हवा तसा लावला, वर थंड हवेचा झोत खाली वळवायला पुठ्ठा चिकटवला आणि बाटल्या पलंगाखाली ठेवल्या. बाटल्या खूश. दुपारी बघते तर कॅरल शाल गुंडाळून बाल्कनीत. बाहेर अंग भाजून निघत होतं आणि ही बाई उन्हात उबेला बसली होती.

"बायकोपेक्षा बिअरची जास्त काळजी," ती म्हणाली. "पण सतीशने केलं म्हणून माफ."

त्या संध्याकाळी बैठक जमली. सतीशकडे दारूचं परमिट आहे. सुट्टीच्या दिवशी एखादी बिअर घेतो तो, आणि बिअरची त्याची परीक्षा एकच, थंड आहे की नाही. मी भजी, तिखट मिठाचे काजू, तळलेला बांगडा असं सगळं मांडलं आणि ऐकत बसले.

ब्रायननी त्यांची बिअर पेल्यात हळूच ओतली. "ही जोरकस नाही," ते म्हणाले. "मुद्दामच. आमच्याकडे पबमध्ये लोक संध्याकाळभर पितात आणि चालत घरी जातात. बिअर बोलण्यासाठी असते. बिअरविषयी बोलायचं नसतं."

"बोलण्यासारखं त्यात काही नसतंच," कॅरल म्हणाली. "पाव भिजवलेलं पाणी!"

मग तिने डबा फोडला. फस्सकन आवाज, आणि खोलीभर वास. तिची बिअर चांगलीच जोरकस, आणि थंडगार. तिच्याकडे म्हणे कारखान्यातच बाकं टाकलेली असतात, पोरंबाळं, कुत्री सगळी येतात, लाकडी फळीवर छोटे छोटे चार पेले आणून देतात. थोडी ही चाखायची, थोडी ती, आणि मग वासाविषयी, चवीविषयी गप्पा.

"अत्तर विकायला बसल्यासारखी," ब्रायन म्हणाले. "आम्ही पितो. हे हुंगतात."

"आणि याचं नाव काय माहितेय, सतीश?" कॅरलने डबा पुढे केला. "इंडिया पेल एल!"

सतीशची छाती फुगली. "म्हणजे आपलीच की!"

"आम्ही इंग्लंडहून जहाजाने तुमच्याकडे पाठवायचो," ब्रायन म्हणाले. "हिच्या लोकांनी ती घेतली आणि तिचं फ्रूटपंच करून टाकलं."

मला बाई गंमत वाटली. नाव इंडियाचं, केली अमेरिकेने, भांडतोय इंग्रज आणि पितायत मस्कतला. कॅरलने पेला माझ्या नाकाशी धरला. "तू पिऊ नकोस, पण वास तर घे. लोक म्हणतात संत्र्यासारखा. मला पटत नाही."

मी वास घेतला आणि गुहागरच्या आमच्या परसात जाऊन उभी राहिले. "पपनस!" मी ओरडलेच. "रस नाही, साल. नखाने सोलताना येतो तो वास." मग फोनवर पपनसाचा फोटो दाखवला. कॅरल अशी आनंदली की तिने जागच्या जागी भावाला फोन लावला आणि माझ्याकडून त्याला तीनदा "पपनस" म्हणवून घेतलं.

इथपर्यंत सगळं छान होतं. पण सतीश म्हणजे आग्रहाचा माणूस. ब्रायनचा पेला निम्म्यावर आला की याचा हात बाटलीवर. ब्रायन म्हणायचे, "मी ठीक आहे, तू बस, मी ओततो तुला." हा म्हणायचा, "नो नो, यू सिट! यू आर अवर गेस्ट!" ब्रायन अर्धवट उठायचे, सतीश खांदा दाबून बसवायचा. ते परत उठायचे, हा परत बसवायचा. मीही मागून बांगडा वाढत होतेच. नको म्हणाले की मी आणखी एक वाढायचे. नको म्हणणाऱ्याला वाढायचं नाही तर मग कुणाला वाढायचं?

आणि तेवढ्यात मी काय बघितलं! कॅरल स्वयंपाकघरात आली, ब्रायनच्या बिअरचे दोन घोट तिच्या पेल्यात उरले होते, ते तिने सरळ सिंकमध्ये ओतून दिले. नंतर तिच्या स्वतःच्या डब्यातलीही ओतली! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या घरात पानात टाकलेलं चालत नाही. सासऱ्यांनी मला नवी नवरी असताना शेवटचं शीत खायला लावलंय. पण विहीणबाई! ओठ आवळून हसले आणि सिंक घासलं.

तेवढ्यात बेल वाजली. शेजारची शकीला. ती श्रीवर्धनची, आमच्याच कोकणातली. सांदणं घेऊन आली होती, निळ्या काठाच्या वाडग्यातून. हा वाडगा गेली कित्येक वर्षं आमच्या दोन दारांमध्ये येतो-जातो. तिच्याकडून सांदणं आली की माझ्याकडून थालीपीठ जातं, माझ्याकडून शिरा गेला की तिच्याकडून कोळंबी येते. मूळचा वाडगा कुणाचा हे आता दोघींनाही आठवत नाही. मी सांदणं काढून घेतली, वाडग्यात लाडू भरले आणि परत दिला.

ब्रायन दारातून बघत होते. "लगेच भरून का दिला?"

"रिकामं भांडं परत देत नाहीत आमच्यात," मी म्हटलं.

ते त्या वाडग्याकडे खूप वेळ बघत राहिले. मला वाटलं, लाडू हवेत. मी दोन वाढले.

दुसऱ्या दिवशी मत्राच्या बाजारात गेलो. तिथे तर सतीशने कहर केला. ब्रायननी कॅरलसाठी लोबान घेतला, पैसे सतीशने दिले. ब्रायननी मला हलव्याचा डबा घेऊन द्यायला खिशात हात घातला, तोवर सतीशने दुकानदाराला "खलास, खलास" म्हणत नोट पुढे केली. खंजिराचं चित्र असलेलं फ्रिजवर लावायचं मॅग्नेट! एवढंसं! ब्रायन म्हणाले, "सतीश, हे मी घेतो." सतीश म्हणाला, "माझ्या शहरात तुम्ही पैसे देणार?" जेवणाचं बिल तर टेबलावर येऊच दिलं नाही. ब्रायन बोलायचे थांबले. आणि मी? मला माझ्या नवऱ्याचा अभिमान वाटत होता! पाहुण्याला खिशात हात घालू दिला नाही, याहून मोठा मान तो काय?

संध्याकाळी अंतराचा फोन. "आई, काय चाललंय तुमचं? डॅनला त्याच्या बाबांचा मेसेज आलाय. नुसतं 'ऑल फाइन' एवढंच."

"मग फाइन आहे ना!"

"आई, ते 'ऑल फाइन' म्हणतात तेव्हा काहीही फाइन नसतं."

मला काही कळेना. बांगडा तिखट झाला का? एसी फार झाला का? की मुलगीच पसंत नाही?

तिसऱ्या दिवशी गुरुवार. ब्रायन सकाळपासून जरा खुलले होते. म्हणाले, "आज संध्याकाळी मी तुम्हाला पबमध्ये नेणार. माझ्याकडून." आमच्याकडे पब म्हणजे हॉटेलातलाच. कुरुमला एका हॉटेलात इंग्लिश धाटणीचा आहे, लाकडी भिंती, जाड गालिचा. तिथला वेटर तानाजी कणकवलीचा, सतीशला ओळखतो. ब्रायननी इस्त्रीचा शर्ट घातला. आत गेल्यावर बाहेरचा रखरखाट विसरून त्यांचा चेहराच बदलला. म्हणाले, "बिअर तशी नाही, पण खुर्च्या बरोबर आहेत." हा त्या माणसाचा सगळ्यात मोठा विनोद होता, आणि तो त्यांनी माझ्याकडे बघून केला. मला फार बरं वाटलं.

पहिले पेले आले. कॅरलने तानाजीला अमेरिकन काय काय आहे ते विचारून घेतलं, माझ्यासाठी लेमन मिंट. गप्पा निघाल्या. डॅनियल लहानपणी बाबांचा हात धरून पबच्या अंगणात बसायचा, वेफर्स खायचा, अशा गोष्टी. मग पेले संपत आले तसे ब्रायन उठले, हात चोळले आणि म्हणाले, "बरं. कुणाला काय? हा माझा राउंड."

तानाजी धावत आला. "सर, बसा ना, टेबलावर आणतो."

"नाही, मी काउंटरवरून आणणार," ब्रायन म्हणाले आणि गेले. खिशातून नोट काढून काउंटरपाशी ताठ उभे राहिले. एवढे आनंदात मी त्यांना तीन दिवसांत बघितलं नव्हतं.

आणि तानाजी हसून म्हणाला, "सर, पैसे नकोत. आजचं सगळं झालंय."

"कुणी दिले?"

तानाजीने कौतुकाने आमच्या टेबलाकडे बोट केलं. सतीशने आत शिरतानाच गुपचूप कार्ड देऊन ठेवलं होतं! आणि हा गृहस्थ छातीवर हात ठेवून, मान तिरकी करून, लग्नात अहेर नाकारणाऱ्या मुलीच्या बापासारखा हसत होता.

ब्रायन नोट हातात धरून तसेच उभे राहिले. कानापर्यंत लाल झाले. मग नोट घडी करून खिशात ठेवली, टेबलापाशी आले, "राइट," म्हणाले, आणि "जरा हवा खाऊन येतो," म्हणून बाहेर निघून गेले. बाहेर कसली हवा! भट्टी होती नुसती. ते परत आत आलेच नाहीत. आम्ही अंधार पडता पडता घरी पोहोचलो. ब्रायन सरळ खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

मी स्वयंपाकघरात उगाच भांडी आपटत होते. कॅरल आली, स्टुलावर बसली.

"माधवी, तो उद्याच हॉटेलात जाऊ म्हणतोय. आणि डिसेंबरचं त्याला जमणार नाही म्हणतोय."

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. "पण आम्ही काय कमी केलं?"

"कमी कुठे! त्याला काही करूच दिलं नाहीत तुम्ही." ती हसत होती, पण डोळे हसत नव्हते. "त्याच्या गावी चार माणसं पबमध्ये बसली की एकजण सगळ्यांसाठी आणतो. मग दुसरा. मग तिसरा. जो नुसता पितो आणि स्वतः आणत नाही, त्याला फुकट्या म्हणतात. पण जो दुसऱ्याला आणूच देत नाही, तो त्याहून वाईट. त्याचा अर्थ होतो, मला तुझी गरज नाही. भावाशी कशावरून बिघडलं? भाऊ श्रीमंत झाला आणि ब्रायनला एक पेलासुद्धा आणू देईना. आणि तुम्ही तर... माधवी, त्याला एक मॅग्नेट घेता आलं नाही!"

"आणि तुला? तुला नाही राग आला?"

"आमच्याकडे ज्याचं त्याचं. सतीशने बिल दिलं, मी थँक यू म्हटलं, विसरले. माझा नवरा मात्र विसरत नाही."

मग मलाही राहवेना म्हणून विचारून टाकलं, तू बिअर सिंकमध्ये का ओतलीस? कॅरलने डोळे मोठे केले. "चव घ्यायची असते, पोट भरायचं नसतं. आमच्याकडे तर ओतायला टेबलावर बादलीच ठेवतात! तुला वाईट वाटलं? मग बोलली का नाहीस?"

मी काय बोलणार, कपाळ! तीन दिवस मनात धरून बसले होते.

ती गेली आणि माझी नजर ओट्यावर गेली. निळ्या काठाचा वाडगा. शकीलाने दुपारीच परत आणून दिला होता, खिमा-पट्टीने भरून. मी मनात म्हटलं, समज ही शकीला रोज मला देत राहिली, आणि मी काही नेलं की "नको गो, आमच्यात भरपूर आहे" म्हणून दार लावत राहिली. तर? पहिल्या आठवड्यात वाईट वाटलं असतं. महिन्याभरात मी बेल वाजली तरी दार उघडलं नसतं. आणि त्या माणसाने हा वाडगा बघितला होता! त्याला पहिल्या दिवशीच कळलं होतं की आमच्यातही हेच आहे. तो वाडग्याकडे आशेने बघत होता आणि मी त्याच्या बशीत लाडू घातले. मला रडूच यायला लागलं. स्वतःचाही राग, सतीशचाही.

सतीशवर काढला. तो हॉलमध्ये टीव्हीसमोर तोंड पाडून बसला होता.

"पाकीट आण इकडे."

"का?"

"आण म्हणते ना. आणि फोनपण. तू त्याच्यावरूनही पैसे देतोस."

"अगं, व्याह्यांना बिल भरू देऊ? लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक? गुहागरहून बघायला बसलेत का दुर्बीण लावून? तुझ्या या मानपानात माझ्या मुलीचं लग्न कचेरीत लागतंय, कळतंय का? ते उद्या हॉटेलात जायला निघालेत!"

सतीशच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने मुकाट्याने पाकीट आणि फोन दिला. हळूच म्हणाला, "मला खरंच वाटलं, त्यांना आवडेल." तो काही वाईट माणूस नाही हो. त्याच्या बापाने त्याला हेच शिकवलं, माझ्या बापाने मला हेच शिकवलं.

सकाळी ठरल्याप्रमाणे निझवाला निघायचं होतं. मी ब्रायनच्या दारावर टकटक करून म्हटलं, हॉटेलात जायचं तर निझवाहून आल्यावर जा, किल्ला बघून घ्या. ते सभ्य माणूस, नाही कसं म्हणणार? पुढच्या सीटवर बसले, टोपी मांडीवर. सतीश गाडी चालवतोय, खिसे रिकामे, म्हणून आधीच बेचैन. मागे कॅरल आणि मी. फंजा गाव मागे पडलं, दोन्ही बाजूंना तपकिरी डोंगर लागले, तरी ब्रायन खिडकीबाहेरच बघत होते. पुढे एका पेट्रोल पंपाला लागून करक चहाची टपरी दिसली. इथला करक म्हणजे दाट दुधाचा, वेलची घातलेला, चांगला उकळलेला चहा.

"सतीश, थांबव."

त्याने गाडी लावली आणि सवयीने हॉर्नवर हात नेला. इथे हॉर्न वाजवला की चहा गाडीत येतो. मी मागून त्याच्या हातावर फटका मारला. मग पुढे वाकले आणि माझ्या मस्कती इंग्लिशमध्ये म्हटलं, "ब्रायन, आय अॅम थर्स्टी. अँड इट इज युवर राउंड."

ब्रायन वळले. माझ्याकडे बघितलं, सतीशकडे बघितलं. "माझा?"

"तुमचाच. आम्ही तीन दिवस पीत बसलोय, आणि तुम्ही एकदाही आणलं नाहीत."

सतीशने तोंड उघडलं. मी त्याच्या खांद्याला असा चिमटा काढला की ते परत मिटलं.

ब्रायननी टोपी घातली आणि उतरले. काचेतून बघताना माझा जीव कसा होत होता, ते मलाच माहीत. व्याही उन्हात रांगेत उभे, आणि आम्ही एसीत बसलेले! सासूबाई असत्या तर मला गाडीतून खाली उतरवून त्यांच्या जागी उभं केलं असतं. पुढे दोन ओमानी ट्रकवाले होते. एकाने पाहुणा बघून सरकून जागा दिली, तर ब्रायननी हात हलवून नको म्हटलं. त्यांना त्यांचा नंबर लागायला हवा होता. मग ती करकरीत नोट त्यांनी पुढे केली. टपरीवाल्याने ट्रे दिला तर तोही घेतला नाही. चार कागदी पेले दोन्ही हातांच्या बोटांत असे एकत्र धरले, पबमध्ये धरतात तसे, आणि पाय जपून टाकत आले. चहा बोटांवर सांडत होता, भाजत असणार, आणि चेहरा असा फुललेला की मला आमचा डॅनियलच येतोय असं वाटलं.

पहिला पेला मला दिला. मग कॅरलला. मग सतीशला. आणि गाडीच्या बाहेरच, दाराला टेकून, स्वतःचा उंचावून म्हणाले, "चिअर्स."

आम्हीही उतरलो. उन्हात उभं राहून चहा प्यायलो. ब्रायन बोलायला लागले! भावाविषयी, त्यांच्या वडिलांविषयी, या चहाला कोणत्या पेल्यात द्यायला हवं याविषयी. कॅरल म्हणाली, "यात दालचिनीपण आहे का?" ते म्हणाले, "हुंगू नकोस, पी." तिने शेवटच्या थेंबापर्यंत संपवला, पेला माझ्यासमोर उलटा करून दाखवला आणि डोळा मारला.

आणि आमचा सतीश! चहा संपतोय न संपतोय तोच, "नाऊ नेक्स्ट इज माइन!" म्हणून टपरीकडे धावला, मागच्या खिशात हात घातला, तिथे काहीच नाही. दुसऱ्या खिशात घातला. मग माझ्याकडे वळला. काय चेहरा तो! कॅरल हसून हसून गाडीला टेकली.

ब्रायन त्याच्याजवळ गेले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आज नाही, सतीश. राउंड लगेच फेडायचा नसतो. आता तू माझं एक देणं लागतोस."

"मग कधी?" सतीशने अगदी काकुळतीने विचारलं. डोक्यावर कर्ज झाल्यासारखा घाबरला होता बिचारा.

"डिसेंबरला," ब्रायन म्हणाले. "लग्नात. मी येतोय वसूल करायला."

मला तिथेच, पेट्रोल पंपावर, ट्रकवाल्यांसमोर रडू फुटलं. कॅरलने मला जवळ घेतलं. ब्रायन गडबडले, त्यांना वाटलं चहा बिघडला की काय, आणखी एक आणू का विचारायला लागले. मी नाक पुसत मान हलवून हो म्हटलं. त्यांनी आणखी एक आणला, आणि मी तोही प्यायले.

गाडी पुन्हा निझवाच्या रस्त्याला लागली. पुढे दोघं व्याही डिसेंबरात बिअर किती गार ठेवायची याची चर्चा करत होते. आरशातून सतीशने माझ्याकडे बघितलं आणि हळूच मराठीत विचारलं, "माझं पाकीट?"

"डिसेंबरात मिळेल," मी म्हटलं.